जुलैच्या तक्त्यातला एक ट्रक

एक ट्रक कमी पडत होता.

१९९० च्या जुलैचा शेवटचा दिवस, संध्याकाळची पाळी. कुवेतच्या शुवेख भागात आमचं शोरूम होतं. मी महिन्याचा तक्ता टेबलावर पसरून बसलो होतो आणि माझ्यामागे सेल्स मॅनेजर आपटे साहेब उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुट्टीवर पुण्याला निघणार होते. जाण्याआधी त्यांना तक्ता पूर्ण हवा होता, आणि हरलेला नको होता.

"पुन्हा मोजा," ते म्हणाले.

"तीनदा मोजलं, सर."

"मग चौथ्यांदा मोजा. पगार त्याचाच आहे."

चौथ्यांदा मोजलं. एकच कमी.

हा तक्ता काय होता ते आधी सांगतो. अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांच्या गाड्या कुवेतमध्ये विकल्या जायच्या. प्रत्येकीची एक एजन्सी. त्यांची नावं इथे लिहीत नाही. तक्त्यात मी त्यांना अ, ब, क म्हणायचो, तेच इथे म्हणतो. अ म्हणजे आम्ही. तिघांचा माल दोन प्रकारचा. एक ट्रक. अमेरिकन लोक ज्याला ट्रक म्हणतात तो आपल्याकडचा मालट्रक नव्हे. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला पिकअप. कुवेती त्याला वनेत म्हणतात आणि त्यातून वाळवंटात मेंढ्या, पाण्याच्या टाक्या, तंबू, सगळं नेतात. दुसरा प्रकार परफॉर्मन्स कार. दोन दारांची, बुटकी, मोठ्या इंजिनाची, समुद्राकाठच्या रस्त्यावर संध्याकाळी आवाज करत फिरवायची गाडी. ट्रकने एजन्सी चालते आणि परफॉर्मन्स कारने मालक खूश राहतात, असं आपटे साहेब म्हणायचे.

माझं काम या तिघांची तुलना करायचं. कुणाचा ट्रक किती वजन नेतो, कुणाचं इंजिन उन्हात किती लवकर तापतं, आणि महिन्याला कुणाच्या किती विकल्या. माझ्या हुद्द्याचं नाव सेल्स कोऑर्डिनेटर होतं. मी घरी पत्रात ते इंग्रजीतच लिहायचो. वडील जालन्याच्या मोंढ्यात पोती उचलायचे, त्यांना त्याचा अर्थ विचारणारं कुणी भेटलं, तर ते सांगायचे, "त्याच्या सहीने मोटारी मोजतात." आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिला. तेही पुरं झालं नव्हतं. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष बाहेरून करत होतो. संख्याशास्त्राचं पुस्तक टेबलाच्या खणात असायचं.

दुसऱ्यांचे विक्रीचे आकडे आम्हाला कसे कळायचे, असं कुणीही विचारेल. तिन्ही एजन्सींत माझ्यासारखा एकेक कारकून होता. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही एकमेकांना फोन करून आपापले आकडे सांगायचो. साहेबांना हे माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. नियम एकच, न लिहिलेला: आपसात खोटं सांगायचं नाही. कारण माझा आकडा थॉमसच्या तक्त्यात जायचा आणि थॉमसचा माझ्या. थॉमस ब एजन्सीचा, केरळचा. दोन वर्षं दर महिन्याला बोलत होतो, पण तोंड कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी थॉमसने सांगितलेला आकडा आमच्यापेक्षा एकाने जास्त होता.

आपटे साहेब खिडकीपाशी गेले. तेवढ्यात हनीफभाई आत आले. हनीफभाई आमच्या वर्कशॉपचे फोरमन. दापोलीकडचे, चाळिशीचे, कुवेतमध्ये पंधरा वर्षं काढलेले. त्यांच्या हातात डेमो ट्रकची चावी होती. डेमो म्हणजे गिऱ्हाइकाला चालवून बघायला ठेवलेली गाडी. आमचा डेमो चार दारांचा होता. वाळवंटात दाखवायचा म्हणून हनीफभाईंनी त्याला मोठा रेडिएटर आणि पेट्रोलची जादा टाकी स्वतः बसवली होती. ते त्याला स्वतःच्या घोड्यासारखं जपायचे.

"हे बघा, गिऱ्हाईक पायांनी चालत आलं," आपटे साहेब म्हणाले. "हनीफ, ट्रक घेता का?"

"किती हप्ते साहेब? माझ्या नातवापर्यंत चालतील काय?"

"हप्ता नको, काही नको. नुसतं दफ्तर तुमच्या नावावर."

कुवेतमध्ये दफ्तर म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक. दफ्तर निघालं की गाडी विकली गेली असं धरतात. महिना कमी पडला की एजन्सी आपलीच एखादी गाडी आपल्याच माणसाच्या नावावर नोंदवते. पुढे ती सावकाश कुणाला तरी खरी विकते. सगळेच करतात, असं म्हणतात.

"मंदूब अजून मुरूरमध्येच आहे," साहेब मला म्हणाले. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, आणि मुरूर म्हणजे वाहतूक खातं. "अर्ध्या तासात काम होईल. बरोबरी होते. बरोबरी चालेल, हार नको. तुम्ही फक्त विक्रीच्या या तक्त्यावर सही करा."

हनीफभाई हसत होते. "परकाश, करून टाक. सकिनाला सांगतो, अमेरिकन ट्रकवाल्याची बायको झालीस. अब्बा दापोलीत पेढे वाटतील."

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"सर, ही गाडी विकली गेलेली नाही."

"अहो, मला माहीत आहे."

"मग मी विकली असं कसं लिहू? थॉमसलाही तोच आकडा सांगावा लागेल."

"थॉमस तुमचा कोण लागतो?"

"कुणी नाही, सर."

आपटे साहेब खिडकीपासून वळले. "सोनवणे, हरिश्चंद्राची नोकरी आमच्याकडे निघालेली नाही. सेल्सची आहे."

उलट बोलायची मला सवय नव्हती, आजही नाही. पण सही झाली नाही. का झाली नाही ते मी तेव्हा स्वतःला असं सांगितलं: आपल्या घरातली ही पहिली सही आहे जिच्यावर कुणी विश्वास ठेवतं. वडील अंगठा लावायचे.

साहेबांना पॅकिंग करायचं होतं. "ठीक आहे. हार तुमच्या सहीने जाऊ द्या. पण चौकोन सगळे भरा. रिकामा चौकोन दिसला की मला पडलेला दात दिसतो." ही त्यांची नेहमीची ताकीद. काही नसेल तर 'निल' लिहायचं, पण रिकामं ठेवायचं नाही.

मी सगळे चौकोन भरले. न विकलेल्या मालाच्या यादीत शेवटची ओळ डेमो ट्रकची. कुणाकडे: हनीफ, फोरमन. रिमार्क्स: मोठा रेडिएटर, जादा टाकी, वाळूत तिन्ही कंपन्यांत सर्वांत चांगला. खाली सही. कार्बन कॉपी संख्याशास्त्राच्या पुस्तकात घडी करून ठेवली. मला त्या तक्त्याचा अभिमान वाटला होता.

बुधवारी आपटे साहेब गेले. गुरुवारी पहाटे इराकचं सैन्य आलं.

त्या आठवड्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मी माझ्यापुरतं सांगतो. मालक उन्हाळ्यासाठी युरोपात होते. शोरूमला कुलूप होतं. पहिल्या दिवशी दुपारी हनीफभाई धाडस करून वर्कशॉपच्या मागच्या फाटकातून डेमो ट्रक काढून फिंतासला घेऊन गेले. ते तिथे राहायचे, समुद्राजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये ट्रक उभा केला आणि त्याच्यावर जुनी ताडपत्री टाकली. चार दिवसांनी मलाही त्यांनी घरी बोलावून घेतलं. "एकटा मरशील तिकडे. इथे निदान भात तरी मिळेल."

घरात तिघं. हनीफभाई, सकिनाभाभी आणि सहा वर्षांची नाझनीन, जिला मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. भाभींना आठवा महिना लागत होता. नाझनीनच्या वेळी ऑपरेशन करावं लागलं होतं. डॉक्टरांनी या खेपेलाही ऑपरेशनच करू असं सांगून ठेवलं होतं. पण त्या डॉक्टरांच्या दवाखान्याला आता कुलूप होतं आणि मोठ्या हॉस्पिटलातल्या आपल्याकडच्या नर्सेस एकेक करून निघून चालल्या होत्या. जवळच्या फहाहीलच्या बाजारात भेटलेल्या एका मराठी टेक्निशियनने हनीफभाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "थांबू नका. महिन्याभरात इथे भूल द्यायलासुद्धा कुणी नसेल."

जायचा रस्ता एकच होता. बसरा, बगदाद आणि तिथून वाळवंटातून जॉर्डन. तिथून विमानं भारतात नेत होती. हनीफभाईंची स्वतःची गाडी जुनी होती. फहाहीलपर्यंत जाऊन आली तरी रेडिएटर उकळायचा. म्हणून सगळी भिस्त डेमो ट्रकवर होती. मागची सीट लांब होती. हनीफभाईंनी तिच्यावर गादी मापाने कापून बसवली, भाभींना झोपून जाता यावं म्हणून. हौद्यात पाण्याचे कॅन, पेट्रोलचे कॅन, खजूर, दुधाच्या पावडरचे डबे. ते रोज सकाळी ताडपत्रीखाली शिरून पाणी, तेल बघायचे.

"हा ट्रक हाय म्हणून मी झोपतो," ते म्हणायचे. "नायतर झोप आली असती काय?"

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात निघायचं ठरलं. आदल्या दिवशी मी एक गोष्ट काढली. ट्रकला दफ्तर नव्हतं. नंबर होता तो फक्त एजन्सीचा, ट्रायलचा. वरच्या मजल्यावरचा एक जण पहिल्याच चेकपोस्टवरून परत आला होता. त्याच्या गाडीचा कागद नव्हता म्हणून गाडी ठेवून घेतली होती.

"आपल्याकडे निदान कस्टमचा कागद हवा," मी म्हणालो. "बंदरावर गाडी उतरवली त्याचा. तो माझ्या कपाटात आहे. चावीही आहे."

"सोड रे. दोन कार्टन सिगरेट हायत. त्याच्यावर जॉर्डन गाठू."

"सिगरेट म्हणजे कागद नव्हे, हनीफभाई."

"तुझा कागदावर लई जीव."

भाभी भाजी चिरत होत्या. त्या म्हणाल्या, "परकाशभाऊ शिकलेले आहेत. ते बोलतात तर जाऊन या."

हे वाक्य मी विसरू शकत नाही.

वाटेत दोनदा रेडिएटरमध्ये पाणी घालत आम्ही हनीफभाईंच्या जुन्या गाडीतून शुवेखला गेलो. मागच्या फाटकाने आत शिरलो. शोरूमच्या काचा फुटलेल्या होत्या. आम्हाला वाटलं आत कुणी नाही. पण यार्डात सैनिक होते. गाड्या एकेक करून ट्रेलरवर चढवत होते. आणि माझ्या टेबलाशी, माझ्याच खुर्चीवर, एक अधिकारी बसला होता. पन्नाशीचा, चष्मा लावलेला, कपडे स्वच्छ इस्त्रीचे. त्याच्यासमोर माझी फाइल उघडी होती. जुलैचा तक्ता वर होता.

सैनिकांनी आम्हाला त्याच्यापुढे उभं केलं. त्याने आमची ओळखपत्रं पाहिली. मग तक्त्यावरची सही पाहिली.

"हे तू केलंस?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"यस सर."

"चांगलं काम आहे. मीसुद्धा इराणच्या युद्धाआधी गोदामाचं काम बघायचो." त्याने हाताने खुर्ची दाखवली. "बस. मला समजावून सांग."

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. मी बसलो, आणि समजावून सांगू लागलो. आधी भीतीने सांगत होतो, ते खरं. पण दोन-तीन मिनिटांनी भीती मागे पडली. दोन वर्षांत तो तक्ता कुणी ओळीने वाचला नव्हता. आपटे साहेब फक्त बेरीज बघायचे. हा माणूस प्रश्न विचारत होता आणि प्रश्न बरोबर होते. अ चा ट्रक ब पेक्षा जास्त वजन नेतो, पण उतारावर ब चा ब्रेक चांगला, असं का? क चं इंजिन मोठं असून विक्री कमी का? मी सांगितलं की क चा ट्रक वाळूत रुततो, पुढचा भाग जड आहे. परफॉर्मन्स कारचा रकाना त्याने बोटाने ओलांडला. मी म्हणालो, "या गाड्या सैन्याच्या उपयोगाच्या नाहीत, सर, रस्त्यावरच चालतात." हे मी स्वतः होऊन सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

हनीफभाईंनी माझ्या बुटावर बूट दाबला. मी थांबलो. पण तोवर अधिकाऱ्याचं बोट न विकलेल्या मालाच्या यादीवरून खाली सरकत होतं. प्रत्येक ओळीला तो यार्डातल्या सार्जंटला नंबर ओरडून विचारायचा आणि खूण करायचा. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. त्याने रिमार्क्स वाचले. मोठ्याने वाचले.

"वाळूत तिन्ही कंपन्यांत सर्वांत चांगला. कुठे आहे हा?"

मी हनीफभाईंकडे पाहिलं.

"सोल्ड," हनीफभाई म्हणाले. "सोल्ड, सर. खलास."

"केव्हा?"

"महिना संपताना."

अधिकाऱ्याने तक्ता फिरवून माझ्यासमोर ठेवला. "इथे लिहिलंय, विकलेला नाही. तारीख महिन्याच्या शेवटच्या दिवसाची आहे. विकला असेल तर दफ्तर निघालं असेल. दफ्तर दाखवा, मी ही ओळ खोडतो. लोकांच्या मालकीच्या गाड्या न्यायचा हुकूम मला नाही. मला एजन्सीचा माल न्यायचा हुकूम आहे."

सैन्यातले सगळेच असं वागत होते असं मी म्हणणार नाही. लोकांच्याही गाड्या जात होत्या. पण हा माणूस गोदामवाला होता. त्याला कागद लागायचा. माझ्यासारखाच.

दफ्तर नव्हतं. अर्ध्या तासात निघणार होतं, तेव्हा मी काढू दिलं नव्हतं.

"तक्ता बरोबर आहे, की हा माणूस?" त्याने मला विचारलं. आवाज वाढवला नाही.

तेव्हा शहरात भिंतींवर कागद लागले होते. लुटीचा माल ज्याच्याकडे सापडेल त्याला फाशी. मला वाटलं, तक्ता खोटा म्हटला तर ट्रक हनीफभाईंनी चोरला असं होईल. तक्ता खरा म्हटला तर तो कंपनीचा ट्रक कंपनीच्या माणसाकडे ठेवायला दिलेला, असं होईल. हे मला त्या क्षणी वाटलं, की नंतर मी तसं जुळवून घेतलं, ते मला नक्की सांगता येत नाही. मी एवढंच म्हणालो,

"तक्ता बरोबर आहे, सर."

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन सैनिक आमच्याबरोबर फिंतासला आले. हनीफभाईंनी ताडपत्री काढली. पाण्याचे कॅन उतरवायची परवानगी मिळाली, पेट्रोलचे उतरवायची नाही. मागच्या सीटवरची गादी बघून त्यांच्यातला लहानसर सैनिक थांबला. त्याने वर पाहिलं. गॅलरीत भाभी उभ्या होत्या, एक हात कठड्यावर, एक पोटावर. गादीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं हनीफभाईंनी, आणि दोघांनी तिची नीट घडी करून जिन्यात ठेवली. मग तो ट्रक घेऊन गेला. हनीफभाई म्हणाले, "सेकंड गिअर जरा अडतो, सांगायचं राहिलं."

त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे आम्ही बसच्या यादीत नाव लागायची वाट बघत होतो. जुनी गाडी एकदा काढून पाहिली. शहराबाहेर पडायच्या आतच वाफ आली. सप्टेंबरात बस मिळाली. साधी बस, सरळ पाठीच्या सीट. ती घडी केलेली गादी हनीफभाईंनी मधल्या वाटेत टाकली, पण लोकांना पाय ठेवायला जागा नव्हती आणि कुणाला काय म्हणणार, सगळेच तसे. भाभी बसून आल्या. बगदादला दीड दिवस, मग सीमेवर थांबणं, मग पुन्हा थांबणं. नाझनीन विचारायची, "डॅडी, व्हेअर इज अवर ट्रक?" हनीफभाई म्हणायचे, "पुढे गेलाय बेटा, जागा धरायला."

जॉर्डनच्या सीमेवर तंबूंची वस्ती होती. तिथे तिसऱ्या दिवशी दुपारी भाभींना कळा सुरू झाल्या. वेळेच्या आधीच. एक श्रीलंकेची नर्स होती, ती जे जमेल ते करत होती. डॉक्टर दुसऱ्या टोकाला होते; गाडी मिळून अम्मानच्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत ऊन उतरलं. भाभी वाचल्या. मुलगा झाला होता. तो रडला नाही.

भाभींना अम्मानला नेलं तेव्हा मी तंबूंच्या वस्तीतच, पाण्याच्या रांगेत होतो. हातात दोन कॅन होते. वाळूत सर्वांत चांगल्या ट्रकमधून उतरवलेलेच ते कॅन.

त्याच रांगेत माझ्या मागच्या माणसाने माझ्या बॅगेवरचं नाव वाचलं. "सोनवणे? अ वाला सोनवणे?" आवाज मी लगेच ओळखला. दर महिन्याला फोनवर ऐकलेला.

थॉमस ठेंगणा होता. मी त्याला उंच समजत होतो. त्याने मला मिठी मारली. तो बायकोमुलांना महिन्यापूर्वीच विमानात बसवून आला होता आणि आता मागे राहिलेल्या नातेवाइकांना शोधायला पुन्हा सीमेवर आला होता.

"तुम लोग कैसे आया था?" मी विचारलं.

"ट्रक से. तीन दिन में अम्मान. हमारा डेमो था ना."

"डेमो को किसी ने रोका नहीं?"

"क्यों रोकेगा? दफ्तर था, मेरे नाम का. जुलाई में टारगेट के लिए साहब ने मेरे नाम पे निकाल दिया था. लास्ट डे."

रांग पुढे सरकली. मी सरकलो नाही. मागचे ओरडले.

"मतलब जो एक गाड़ी ज्यादा थी..."

"वही थी," थॉमस म्हणाला. मग त्याला आमचा नियम आठवला असावा. त्याचा चेहरा उतरला. "झूठ नहीं बोला मैं. दफ्तर निकला, तो सोल्ड. है ना?"

"हाँ," मी म्हणालो. "सोल्ड."

तो खरंच खोटं बोलला नव्हता. त्याच्यावर राग यावा असं मला फार वाटलं. आला नाही.

हनीफभाई मला काही बोलले नाहीत. तंबूत नाही, अम्मानला मूल पुरून आल्यावर नाही, विमानातही नाही. मुंबईला उतरल्यावर दापोलीच्या गाडीत भाभींना बसवून ते खाली उतरून माझ्यापाशी आले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "परीक्षा दे. मधी सोडू नको." भाभी खिडकीतून समोर बघत होत्या. मी "येतो भाभी" म्हणालो. त्यांनी मान हलवली की गाडीच हलली, कळलं नाही.

आता १९९१ संपत आलं आहे. मी जालन्यात आहे, कॉलेजात रोज जातो, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान मुलांबरोबर बाकावर बसतो. गेल्या महिन्यात संख्याशास्त्राच्या सरांनी विचारलं, आकडेवारी विश्वासार्ह केव्हा मानावी? वर्गातल्या एका मुलीने छान उत्तर दिलं. मला हात वर करवला नाही.

त्याच सुमारास आपटे साहेबांचं कुवेतहून पत्र आलं. एजन्सी पुन्हा उघडते आहे. युद्धात गेलेल्या गाड्यांची यादी करायची आहे, नुकसानीच्या दाव्यासाठी. सगळे कागद जळाले. सोनवणे, तुमच्याकडे जुलैची कार्बन कॉपी असेल असं मला का कोण जाणे वाटतं. तुमच्या शिस्तीचा आज उपयोग आहे. बरं झालं डेमो तेव्हा हनीफच्या नावावर केला नाही, नाहीतर तो दाव्यात धरता आला नसता. नोकरी हवी असेल तर कळवा.

मी ते पत्र वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, साहेबाने तुझंच नाव काढलं." मी पुढचं वाचलं नाही.

कॉपी पुस्तकातच होती. साहेबांनी नव्या छापील तक्त्यावर सगळं उतरवून मागितलं होतं. दोन दिवस बसून उतरवलं. अक्षर नीट काढलं. गाडीचा प्रकार, इंजिन नंबर, कुणाकडे होती, कुणी नेली. परत आल्यापासून हनीफभाईंना मी दोन पत्रं टाकली होती. उत्तर आलं नव्हतं. अजून आलेलं नाही.

या धंद्यात मी एवढंच शिकलो की तक्ता भरणारा फक्त आकडा खरा आहे की नाही हे बघू शकतो. तो पुढे कोण वाचेल आणि त्याचं काय करेल, याला तक्त्यात रकाना नसतो. हे मी कुणाला शिकवू शकेन असं वाटत नाही. आणि त्या संध्याकाळी पुन्हा तीच चावी, तीच सही समोर आली तर मी काय करेन, हेही मला माहीत नाही. पूर्वी माहीत होतं.

शेवटची ओळ डेमोची होती. बाकी सगळं भरलं. रिमार्क्सच्या चौकोनाशी बराच वेळ पेन धरून बसलो. मग तो चौकोन तसाच रिकामा ठेवला आणि तक्ता पाकिटात घातला.